मुद्देमाल क्रमांक चौदा

ती घटना आठवली की आजही आधी माझाच मला राग येतो. इतरांचा नंतर येतो, पण येतो सगळ्यांचाच. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांच्याबद्दल मी शांतपणे बोलू शकतो. हे प्रकरण निघालं की माझा आवाज चढतो आणि बायको म्हणते, "झालं सुरू तुमचं बॅटरीपुराण."

मी तेव्हा नागपूरजवळ, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीकडच्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. तिथलं काम ठरलेलं. शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसला मोटारसायकल घासणार, दोन्हीकडचे लोक ठाण्यात येणार, तासभर भांडणार आणि आपसात मिटवून चहा पिऊन जाणार. भंगाराची चोरी, हरवलेले मोबाइल, कॅन्टीनमधली मारामारी. प्रत्येक गोष्टीला अर्ज, अर्जाला नक्कल, नकलेला शिक्का. सहीसाठी रोज एवढे कागद येत की वरचा कोपरा उचलायचा, खाली सही ठोकायची आणि पुढचा कोपरा उचलायचा, अशी सवय मी लावून घेतली होती. कागदाच्या मधल्या भागात काय असतं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते लागणार आहे.

वसाहतीत एक शेड होती. तिथे जुने लॅपटॉप आणून दुरुस्त करत. त्यांतल्या खराब झालेल्या, फुगलेल्या बॅटऱ्या काढून खोक्यांत भरत आणि खोकी साठली की विल्हेवाटीसाठी बाहेरगावी पाठवत. एका दुपारी, कामगार डबे सोडत असताना, त्या खोक्यांतून धूर निघाला. गेटवरच्या चौकीदारानं धावत जाऊन आग विझवायचं नळकांडं त्यावर रिकामं केलं, वरून कसलीशी पांढरी पावडर टाकली, आणि आग विझली. मालकानं ती खोकी उचलून मागच्या भिंतीशी, थर्माकोलच्या ढिगाजवळ ठेवायला लावली आणि काम पुन्हा सुरू झालं. साडेपाचला शिफ्ट सुटताना त्याच खोक्यांनी पुन्हा पेट घेतला. या वेळी अख्खी शेड गेली. विसरलेला डबा आणायला आत परतलेली एक कामगार बाई दोन्ही हात भाजून बाहेर आली.

मालकानं फिर्याद दिली. दुपारची आग अपघातानं लागली असेल, पण विझलेली आग पाच तासांनी आपोआप लागत नाही, ती कुणीतरी लावली, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं. विझलं म्हणजे विझलं, असंच आपण चुलीपाशी बसून लहानपणापासून शिकलेलो असतो. शिवाय एक बाई दवाखान्यात होती आणि वरून दर दोन तासांनी फोन येत होता, "कुणाला उचललं का?"

खबर दुसऱ्या दिवशी सकाळी आली. शेडचा सुपरवायझर मागच्या दारानं आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि रुमालानं मान पुसत म्हणाला, "साहेब, माझं नाव मधात नका आणू. पण चौकीदारानं आठ दिवसांआधी पाच किलो पांढरी पावडर आणून ठेवली. मी आपल्या डोळ्यानं पाहिली. आणि मालकासोबत त्याचा सुट्टीवरून लफडा झालाच होता."

हेतू मिळाला, साधन मिळालं, माणूसही मिळाला. आम्ही चौकीदाराच्या केबिनची झडती घेतली. उरलेली दोन पाकिटं सापडली. पंचनाम्यात लिहिलं, "पांढऱ्या रंगाची, वास नसलेली संशयास्पद पावडर." पाकिटं सील करून प्रयोगशाळेला पाठवायच्या यादीत टाकली. मग रिकामं नळकांडं, चाव्यांचा जुडगा, हजेरीपट, अर्धवट जळालेल्या बॅटऱ्यांचं एक पोतं, जे दिसेल ते जप्त केलं. गेटजवळच्या, आगीतून वाचलेल्या ऑफिसच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये मढवलेला एक इंग्रजी कागद टांगलेला होता, तोही काढला. तो मुद्देमाल क्रमांक चौदा. प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर मी सही केली.

चौकीदार साठीचा होता. काटोलकडच्या एका गावचा, अंगानं किरकोळ, बोलणं संथ. तो माझ्यासमोर हात बांधून उभा राहिला.

"पावडर कसली?" मी विचारलं.

"सोडा आहे साहेब. खायचा."

"आगीवर भजी तळणार होतास?"

"नाही साहेब. कागदावर लिहेल होतं, म्हणून आणला."

"कोणत्या कागदावर?"

"ऑफिसच्या भिंतीवर लावेल होता तो. तुम्हीच त काढून नेला."

मला वाटलं, हा वेळ काढतोय. न्यायालयानं त्याला तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. पहिला दिवस असाच गेला. मी फिरवून फिरवून विचारायचो, तो तेच सांगायचा. माझा अनुभव असा की खोटं बोलणारा माणूस दर वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो आणि खरं बोलणारा ऐकणाऱ्याला कंटाळा येईपर्यंत तेच ते सांगतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्याच्यावर चिडत राहिलो, कारण फोन करणाऱ्यांना माझा अनुभव नको होता, आरोपी हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर हात आपटला. "शेवटचं विचारतो, पाच किलो सोडा काहून आणला?"

तोही आता जरा वैतागला होता. "साहेब, शाळेच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढले मी. परिचर होतो. बाटलीवरचं वाचल्याबिगर कोणत्याच बाटलीले हात नाही लावला, न पोरायले लावू देल्ला. इथं ड्युटीले लागलो त पहिले भिंतीवरचा कागद वाचला. त्याच्यात सल्फ्युरिक अॅसिड लिहेल होतं. सांडलं त सोडा टाका, असंही लिहेल होतं. शेडीत सोडा कुठंच नव्हता. सुपरवायझरले सांगतलं, तो म्हणे शहाणपणा नको करू. मग मीच आणला. आता गावातले माह्या हाताखालचे पोरं म्हणतीन, काकानं आग लावली." तो थांबला आणि साधेपणानं म्हणाला, "तुम्ही त वाचलाच असन ना साहेब तो कागद? त्याच्यावर सही आहे तुमची."

मी क्रमांक चौदा मागवला. चिठ्ठीवर माझी सही होती, लपेटेदार. पहिल्यांदाच मी कागदाचा मधला भाग वाचायला घेतला, आणि मधल्या भागापर्यंत जायची गरजच पडली नाही. अगदी पहिल्या ओळीत वस्तूचं नाव होतं. तो कागद घरच्या इन्व्हर्टरला लागते त्या शिसं आणि अॅसिडच्या बॅटरीचा होता. लॅपटॉपच्या बॅटरीचा नव्हताच. लॅपटॉपमध्ये लिथियमची बॅटरी असते, तिच्यात ते अॅसिड औषधालाही नसतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. अख्ख्या शेडमध्ये एकाच माणसानं तो कागद वाचला होता, कागद सांगतो तसं वागला होता, आणि त्याबद्दल मी त्याला आत टाकलं होतं.

या कागदाला सेफ्टी डेटा शीट म्हणतात. वस्तू बनवणारी कंपनीच तो लिहिते. वस्तूत काय आहे, ती कुठे ठेवावी, सांडली किंवा पेटली तर काय करावं, सगळं त्यात असतं. मला त्या दिवसापर्यंत हे ठाऊक नव्हतं. मग मी ठरवलं की खऱ्या बॅटरीचा खरा कागद शोधायचा, आणि तिथून माझ्या डोक्याला जो ताप झाला तो खुनाच्या तपासातही झाला नव्हता.

आधी मालकाला बोलावलं. त्यानं चकचकीत फाईल पुढे केली. "सर, आमचं सगळं अप टू डेट आहे. तपासणीला हाच कागद दाखवतो, कधी हरकत निघाली नाही."

"हा इन्व्हर्टरचा आहे."

"असेल सर. पण फाईलमध्ये आहे ना?"

त्याला बाहेर बसवून मी सीताबर्डीला गेलो. तिथल्या ज्या दुरुस्तीच्या दुकानांमधून जुने लॅपटॉप येत, त्यांच्याकडे कागद मागितला. पहिल्या दुकानदारानं ड्रॉवर उघडला आणि मोठ्या अभिमानानं एक झेरॉक्स दिली. तोच कागद. दुसऱ्यानं दिली, तीही तीच, फक्त जास्त पुसट. तिसरा म्हणाला, "साहेब, धरमपेठेतून आणा ना, तिकडे फाईलवाले काका बसतात, पूर्ण सेट बनवून देतात."

धरमपेठेतले फाईलवाले काका एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला बसत. सदरा स्वच्छ, कपाटं नीट लावलेली, प्रत्येक खणावर चिठ्ठी. 'बॅटरी' लिहिलेल्या खणात एकच कागद, त्याच्या शंभरेक प्रती.

"लॅपटॉपच्या बॅटरीचा वेगळा आहे का?" मी विचारलं.

"साहेब, बॅटरी म्हणजे बॅटरी," ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले. "लहान-मोठी, एवढाच फरक. मागणारे फक्त कागद आहे का एवढंच पाहतात. आजवर कोणी वाचून परत आलं नाही."

मी त्यांना खूप बोललो. ते शांतपणे ऐकून घेत होते. मनातून मला माहीत होतं की न वाचता सही करणारा माणूस या गृहस्थाला उपदेश करतोय. घोडं कुठं पेंड खातं ते तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि त्या घोड्याला चारा घालणाऱ्यांत मीही होतो.

तिसरा दिवस उजाडला. उद्या कोठडीची मुदत संपणार होती आणि चौकीदार ठाण्यातून तुरुंगात जाणार होता. मी संगणकाच्या कामावर असलेल्या महिला शिपायासमोर जाऊन उगाच करवादलो, "नागपुरात एका बॅटरीचा कागद मिळत नाही म्हणजे काय!"

ती धंतोलीत वाढलेली, शांत पोरगी. तिनं विचारलं, "सर, बॅटरीवर कंपनीचं नाव अन् मॉडेल नंबर असेल ना? ती आहे का आपल्याकडे?"

बॅटऱ्यांचं पोतं आमच्याच मुद्देमाल खोलीत होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्या खोलीवरून ये-जा करत होतो. पंच बोलावून पोत्याचं सील काढलं, कमी जळालेल्या एका बॅटरीवरचा नंबर तिनं चिठ्ठीवर उतरवून घेतला आणि पोतं पुन्हा सील केलं. मग ती संगणकावर बसली. बनवणाऱ्या कंपनीचं संकेतस्थळ उघडलं, तिथे तो नंबर टाकला. माझा चहा निवायच्या आत कागद समोर होता. आदला अख्खा दिवस मी गावभर ज्याच्यासाठी फिरलो तो कागद फुकट, उघड्यावर पडलेला होता. नंबर वाचून शोधायचा एवढंच काम होतं.

तिनं एक गोष्ट केली, ती मी विसरलो नाही. वाचायला सुरुवात करण्याआधी तिनं कागदावरचा मॉडेल नंबर आणि चिठ्ठीवरचा नंबर एकेक अक्षर बोट ठेवून जुळवला. मग म्हणाली, "सोळा भाग आहेत सर. आगीचा पाचवा." आणि ती मराठीत सांगू लागली. "विझल्यासारखी दिसली तरी आतली उष्णता राहते. काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकते. भरपूर पाणी टाकून थंड करत राहा. धूर विषारी आहे, श्वासात घेऊ नका."

विझलेली आग आपोआप लागत नाही, या एका वाक्यावर माझा अख्खा तपास उभा होता.

ती पुढे सरकली. "सातवा भाग, साठवण. खराब, फुगलेल्या, जळालेल्या बॅटऱ्या बंद खोलीत ठेवू नका. कागद, कापड अशा पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर, मोकळ्या जागेत..." ती मध्येच थांबली. आम्ही दोघांनी एकदमच मुद्देमाल खोलीकडे पाहिलं. खोलीत जुन्या नोंदवह्यांचे गठ्ठे, जप्त केलेले कपडे, आणि मधोमध ते पोतं. खोलीच्या पलीकडे कोठडी. दोन्हींमध्ये एक भिंत आणि भिंतीत वरच्या अंगाला झरोका. कोठडीत कुलूपबंद चौकीदार.

मी ओरडलो, "पोतं बाहेर काढा!"

मुद्देमाल सांभाळणारे हवालदार जुन्या वळणाचे. ते चावी हातात घेऊन उभे राहिले. "साहेब, सीलबंद माल आहे. स्टेशन डायरीला नोंद केल्याशिवाय हलवता कसा येईल?"

"नोंद मी करतो! आधी उचला!"

लोखंडी घमेल्यात घालून दोघांनी पोतं मागच्या अंगणात नेलं आणि नेमकं जप्त मोटारसायकलींच्या रांगेजवळ ठेवलं. त्यांच्या टाक्यांत पेट्रोल. मी कपाळावर हात मारला, पुन्हा उचलायला लावलं आणि पार कुंपणापाशी, मोकळ्या मातीत ठेवलं. पाण्याच्या टाकीचा पाइप ओढून शेजारी आणला. हवालदार हळूच म्हणाले, "एवढं काय त्यात, दोन दिवस तर गप पडलं होतं."

दीड तासानं, चारच्या सुमारास, पोत्यातून फुसफुस आवाज आला. पांढरा धूर निघाला, मग ज्वाळा. आतल्या बॅटऱ्या एकेक करून तडतडत होत्या. सगळ्यांना वारा येत होता त्या बाजूला उभं केलं आणि लांबून पाइपनं पाणी सुरू केलं. अर्धा तास मारलं. थांबवलं की पुन्हा धूर, पुन्हा पाणी. हवालदारांनी चावीचा जुडगा इतका घट्ट धरला होता की तळहातावर वळ उठले.

मी आत आलो. चौकीदार गजांशी उभा होता. त्याला वास आला असावा.

"साहेब, काय पेटलं?"

"बॅटऱ्या," मी म्हणालो. "आपोआप."

"आता त मी इथंच आहे ना साहेब, कुलुपात?"

त्या प्रश्नात टोमणा नव्हता. तो खरंच खात्री करून घेत होता. मला बसावंसं वाटलं, पण कोठडीसमोर खुर्ची नसते. ते पोतं दीड तास आणखी आत राहिलं असतं तर त्या झरोक्यातून आलेल्या विषारी धुरात हा माणूस कुलपाआड गेला असता, आणि मी त्याच्या मरणाच्या पंचनाम्यावरही वरचा कोपरा उचलून सही केली असती.

पुढचं थोडक्यात सांगतो. कंपनीचा कागद, पोत्याच्या घटनेचा पंचनामा आणि अग्निशमनवाल्यांचं मत जोडून मी न्यायालयात अहवाल दिला आणि चौकीदार सुटला. निष्काळजीपणाचा गुन्हा मालकावर लागला. 'फाईलमध्ये आहे ना?' हे तो शेवटपर्यंत म्हणत होता. भाजलेल्या बाईचे हात बरे झाले, तरी बोटं पूर्वीसारखी वळत नाहीत. प्रयोगशाळेचा अहवालही यथावकाश आला. संशयास्पद पावडर हा खाण्याचा सोडा असल्याचं त्यात सविस्तर सिद्ध केलेलं होतं.

लोक विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं? चोर सोडून संन्याशाला सुळी देणारे आपल्याकडे दुष्ट असतात असं नाही, बहुतेक वेळा ते घाईत असतात. मालक, सुपरवायझर, फाईलवाले काका, मी, कुणालाही कुणाचं वाईट करायचं नव्हतं. आम्ही सगळे कागद आहे की नाही तेवढं पाहत होतो. तो कशाचा आहे हे पाहणारा एकच निघाला, आणि तो आम्हाला विचित्र वाटला. आज नातीसाठी लॅपटॉप घेतला तरी मी बॅटरीवरचा नंबर उतरवून घेतो आणि तिचा कागद शोधून काढतो. घरचे हसतात. हसू देत.

पण हे शहाणपण मला लगेच आलं असं कोणी समजू नये. सुटकेच्या दिवशी चौकीदार त्याच्या वस्तू न्यायला ठाण्यात आला. अंगझडतीत काढलेला चष्मा, घड्याळ, कमरेचा पट्टा. मी पावती पुढे केली. त्यानं चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचू लागला. बाहेर दोन अर्जदार थांबले होते, फोन वाजत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, करा हो सही. नेहमीचाच कागद आहे."

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "साहेब, भिंतीवरचाही नेहमीचाच होता."

संगणकावर बसलेल्या पोरीनं मान खाली घातली. मी खुर्ची मागवली आणि त्याला बसवलं. तो बोट ठेवून शेवटपर्यंत वाचत गेला. मग एका ओळीवर बोट थांबलं.

"इथं घड्याळ पिवळ्या धातूचं लिहेल आहे. माहं त स्टीलचं आहे. हे दुसऱ्या कोणाचं असन, पाहा."

आधीच्या कुठल्या तरी आरोपीची यादी तशीच उतरवली गेली होती, आणि खाली माझी सही झालेली होती. मी ती खोडली, कोरा कागद घेतला आणि पावती स्वतःच्या हातानं पुन्हा लिहायला बसलो.